गाडीखाली रोज सकाळी ओलं : एसीचं पाणी की आणखी काही? (मानेवाडा, नागपूर)

उन्हाळवाट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांची गाडी उभी असते. ९ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, ८५,००० किलोमीटर झालेत. गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी गाडीखाली फरशी ओली दिसते. पाण्यासारखं पाणी, रंग असा काहीच नाही. वॉचमनकाका म्हणाले, "एसीचं पाणी आहे ताई, उन्हाळ्यात सगळ्यांच्याच गाडीखाली असतं." मीही सोडून दिलं.

आज सकाळी मात्र पार्किंगमधली आमची भुरी कुत्री तिथे बसून फरशी चाटत होती. हाकललं तरी परत तिथेच. दोन हातांवर तिच्यासाठी ठेवलेली मातीची कुंडी काठोकाठ भरलेली होती, आणि ती सोडून ही फरशी चाटत होती. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाबा ७१ वर्षांचे आहेत, गाडी स्वतः चालवतात. येत्या शनिवारी आम्ही समृद्धीने शिर्डीला निघतोय. भर मे महिना आहे. जाणकारांनी सांगा, हे कसं ओळखायचं?

---

इतवारी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:५८

काऊन घाबरून राहिले ताई? एसी चालते तेव्हा आतल्या थंड जाळीवर हवेतलं बाष्प जमते, त्याचं पाणी होऊन खाली रबरी नळीतून पडते. नळी डाव्या बाजूला असते, समोरच्या सीटच्या पायाजवळून खाली निघते. पाणी पडून राहिलं म्हणजे एसी बरोबर काम करून राहिला. उलट पडणं बंद झालं तर पाहा, कारण नळी चोंदली की तेच पाणी गाडीत येते अन् मॅट भिजते. माझ्या गाडीत झालं होतं, तारेनं हळूच मोकळी केली.

---

उन्हाळवाट | सोमवार, रात्री १०:१५

धन्यवाद भाऊ. पण आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. ओलं दोन ठिकाणी आहे. डावीकडे जवळजवळ वाळलंय. उजवीकडे, समोरच्या चाकाच्या थोडं आतल्या बाजूला, तळहाताएवढा डाग आहे आणि तो अजून ओला आहे. गाडी संध्याकाळी ७ वाजता आणून लावली होती. भुरी चाटत होती ती हीच जागा.

---

जुना_गॅरेजवाला | सोमवार, रात्री ११:०५

ताई, कामठी रोडला २६ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा पाहतो. तुमचा दुसरा मेसेज वाचून लिहायला बसलो. कुत्रीला आधी तिथून दूर ठेवा. डागावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, गोळा करून पिशवीत बांधा, मग साबणाच्या पाण्याने फरशी धुवा. आत्ताच करा, सकाळवर ठेवू नका.

आता कारण सांगतो. नागपूरचा मे महिना कोरडा असतो. हवेत ओलच नाही तर एसीच्या जाळीवर जमणार किती? याच गाडीतून जुलैत धार लागते आणि मे महिन्यात थेंब थेंब पडतं. वर ४५ अंशाचं ऊन. रात्रीसुद्धा फरशी तव्यासारखी गरम असते. संध्याकाळी ७ ला पडलेलं निव्वळ पाणी रात्री १० पर्यंत टिकत नाही. तुमचा डावीकडचा डाग वाळला, तो एसीचा. उजवीकडचा तीन तासांनंतरही ओला आहे. न वाळणारं पाणी हे पाणी नव्हे.

माझा अंदाज कूलंटचा आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, ते लवकर उडत नाही आणि चवीला गोड असतं. तुमची कुत्री भरलेली कुंडी सोडून फरशी का चाटत होती, त्याचं कारण बहुतेक हेच. तुम्ही मात्र चव घेऊ नका. असं करणारे लोक मी पाहिलेत म्हणून सांगतो.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. रेडिएटरजवळ अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची डबी असेल, तिच्यावर वर-खाली दोन रेघा असतात. पाणी कुठल्या रेघेला आहे आणि रंग कसा आहे, एवढं कळवा. बाबांना हेही विचारा की त्यात कोणी साधं पाणी टाकतं का. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कोणीही उघडायचं नाही. आत दाब असतो, झाकण सुटलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. भाजलेले हात मी पाहिलेत.

---

पंजे_आणि_शेपट्या | मंगळवार, सकाळी ६:३०

मी पशुवैद्यक आहे. वरच्या काकांनी कुत्रीचं आधी सांगितलं, फार बरं वाटलं. माझं लिहिणं थोडं लांबेल.

कूलंटमधलं एथिलिन ग्लायकॉल कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं विष आहे. मांजरीला चमचाभरही पुरतं. यकृतात त्याचं रूपांतर झालं की मूत्रपिंडात स्फटिक जमतात. पहिल्या काही तासांत जनावर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, उलट्या करतं, खूप पाणी पितं. मग ते सुधारल्यासारखं दिसतं आणि माणसं निर्धास्त होतात. नेमका तोच काळ धोक्याचा असतो. त्यानंतर एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू लागतात. उपचाराचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो, म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही.

उन्हाळवाट, तुमच्या कुत्रीने काल सकाळी चाटलंय. आजच सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. "कूलंट चाटल्याचा संशय आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे लघवी आणि रक्त त्या दिशेने तपासतील.

---

उन्हाळवाट | मंगळवार, सकाळी ८:५०

भुरीला घेऊन निघतेय, शेजारच्या दादांनी रिक्षा आणलीय. तेवढ्यात हे लिहून टाकते.

डबी पाहिली. पाणी खालच्या रेघेच्याही खाली आहे. रंग जवळजवळ नाहीच, काचेच्या ग्लासात काढून पांढऱ्या कागदासमोर धरलं तेव्हा किंचित हिरवट झाक दिसली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "चार-पाच महिन्यांपासून कमी होतंय. मी दर पंधरा दिवसांनी बिसलेरीच्या बाटलीत नळाचं पाणी भरून टाकतो." वॉचमनकाकाही कधीमधी टाकतात म्हणे. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

---

जुना_गॅरेजवाला | मंगळवार, सकाळी ९:२०

मग उलगडलं. कूलंट गळत राहिलं आणि जागेवर साधं पाणी पडत राहिलं. चार-पाच महिन्यांत रंग धुऊन निघाला. म्हणून तुम्हाला रंग दिसला नाही आणि वॉचमनना ते एसीचं पाणी वाटलं. रंगावर भरवसा ठेवू नका हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. कूलंट हिरवं असतं, लाल असतं, गुलाबी, निळं, नारिंगीही असतं, कंपनीनुसार बदलतं. ऑटोमॅटिक गिअरचं ऑईलही लाल असतं. नवं इंजिन ऑईल मधासारखं आणि जुनं काळंकुट्ट. नुसता रंग पाहणारा फसतो. जागा पाहा, बोटांत चोळून पाहा, वास घ्या, आणि बॉनेटखालच्या कुठल्या डबीची पातळी उतरलीय ते पाहा. चारही एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की मग बोला.

आज रात्री एक काम करा. कूलरचं खोकं असेल ना घरी? प्रत्येक नागपुरी घरात असतंच. ते फाडून पुठ्ठा सपाट करा आणि गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली सरकवा. चारही कडेला विटा ठेवा. पुठ्ठ्यावर पेन्सिलने समोरची दोन चाकं, बंपरची रेघ आणि ड्रायव्हरची बाजू काढा. गाडी फिरवून आणा, मग लावा. सकाळी पुठ्ठा काढलात की कुठला थेंब कुठे पडला त्याचा नकाशाच हातात येतो. ग्लायकॉलचा डाग पुठ्ठ्यात मुरून ओला राहतो, पाण्याचा वाळतो आणि पुठ्ठा फक्त फुगलेला दिसतो. एक ध्यानात ठेवा, इंजिनखाली प्लॅस्टिकचा पत्रा असतो. त्यावरून गळती वाहत दुसरीकडेच पडते, म्हणून डागाच्या बरोबर वरचा भाग दोषी असेलच असं नाही.

---

पाणीच_पुरे | मंगळवार, दुपारी १:१०

मी ३० वर्षं अ‍ॅम्बेसेडर चालवली, अख्खं आयुष्य साधं पाणी. नागपुरात कुठे बर्फ पडतो? कूलंट थंड देशांसाठी आहे. उगीच खर्च. आणि थोडं गळत असेल तर रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायची, आपोआप बंद होतं. ट्रकवाले हेच करतात.

---

जुना_गॅरेजवाला | मंगळवार, दुपारी २:००

साहेब, तुमच्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बिडाचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. ते साध्या पाण्यावरही टिकून राहिलं. आजच्या गाड्यांचा हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचा, रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या. यांना गंजरोधक लागतोच.

आपल्या नळाचं पाणी जड आहे. घरच्या कूलरची वाळ्याची ताटी आठवा. दोन महिन्यांत तिच्यावर पांढरा खडा चढतो, बोटाने खरवडला तर पावडर पडते. तोच खडा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. वाहत्या पाण्यात तो सुटला की वॉटर बॉडीचं, म्हणजे हे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, सील घासतो.

बर्फाची गोष्ट राहू द्या, उकळण्याचं पाहा. बंद रेडिएटरमध्ये साधारण १ बार दाब असतो, म्हणून तिथलं पाणी १२० अंशाच्या आसपास उकळतं. ग्लायकॉल मिसळलं की तो आकडा आणखी वर जातो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि डांबरावर त्याहूनही जास्त, त्यात सिग्नलला एसी लावून उभं राहायचं. इथे प्रत्येक अंश कामाचा आहे.

आणि हळद टाकू नका, मी हात जोडतो. भोक बुजेल न बुजेल, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र नक्की बुजतील. रस्त्यात अडकलेल्या ट्रकवाल्याची ती मजबुरी असते. घरी उभ्या गाडीला तशी मजबुरी नाही.

---

वर्धा_रोड_वरून | मंगळवार, रात्री ८:२५

धागा फार कामाचा आहे. मला जे घडलं ते लिहितो, कारण ते पाण्याहून जास्त जीवावरचं आहे.

मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर एक ओघळ दिसला. फिकट पिवळसर, बोटांत घेतला तर तेलाहून पातळ आणि फार निसरडा. मला वाटलं, टायर धुतलं त्याचं असेल. दोन दिवसांनी बुटीबोरीजवळ समोर ट्रकने ब्रेक मारला आणि माझा पाय पार तळाला गेला. गाडी दुसऱ्या दाबाला थांबली. चाकातलं ब्रेक सिलिंडर गळत होतं.

तेव्हापासून गाडीखाली पाहिलं की आधी चाकांच्या आतल्या कडा पाहतो. चाकाजवळ ओघळ असेल आणि ब्रेक ऑईलची डबी उतरली असेल तर गाडी हलवू नका. गॅरेजवाल्याला घरी बोलवा किंवा टो करून न्या. ते ऑईल रंगावर सांडलं तर रंग उकलतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

---

जुना_गॅरेजवाला | मंगळवार, रात्री ९:००

अगदी बरोबर, दादा. एवढीच भर घालतो की ब्रेक पॅड झिजले की डबीतली पातळी थोडी उतरतेच, ती गळती नसते. म्हणून नुसतं भरून मोकळं होऊ नका, आधी पॅड पाहा. हायड्रॉलिक क्लचवाल्या गाडीत तेच ऑईल क्लचलाही असतं. ते गिअरबॉक्सच्या बाजूला किंवा पेडलच्या मागे गळतं आणि क्लच मऊ पडतो.

पेट्रोलचा वास आला तर मात्र पुठ्ठा-बिठ्ठा काही नाही. डाग पटकन उडून जातो, वास राहतो. बटण चालू करू नका, जवळ आगपेटी नको, पार्किंग मोकळं करा. उंदरांनी पेट्रोलच्या नळ्या कुरतडलेल्या मी दर पावसाळ्यात पाहतो.

---

डागा_लेआउट | बुधवार, सकाळी ७:४०

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या गल्लीत गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. आमचीही. इंजिन उघडून साफ केलं, गाडी सुरू झाली, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. गिअरबॉक्सकडे कोणी पाहिलंच नाही. दोन महिन्यांनी चाकाच्या एक्सलजवळून चिकट, करपट वासाचं काहीतरी गळायला लागलं. मेकॅनिकने नट खोलला तर गिअर ऑईल दुधाच्या चहासारखं निघालं. हवा खेळायला जी छोटी नळी असते तिच्यातून पुराचं पाणी आत गेलं होतं, आणि सील सडलं होतं.

ज्यांची गाडी त्या पुरात किंवा त्यानंतरच्या कुठल्याही पाण्यात बुडालीय, त्यांनी गळती नसली तरी गिअरबॉक्सचं ऑईल एकदा काढून पाहा.

---

उन्हाळवाट | बुधवार, दुपारी १२:३०

आधी भुरीचं. दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासली. स्फटिक दिसले नाहीत, मूत्रपिंडं ठीक आहेत. ग्लायकॉल फार पातळ झालेलं असावं असं डॉक्टर म्हणाले. सलाईन दिलं, दोन दिवसांनी परत दाखवायचंय. आत्ता ती जिन्याखाली झोपलीय. 'पंजे आणि शेपट्या', तुम्ही सकाळी साडेसहाला लिहिलं नसतं तर मी तिला नेलं नसतं. मनापासून आभार.

आता पुठ्ठा. सकाळी ६ वाजता काढला. डावीकडे पुठ्ठा फुगलाय, पण कोरडा. उजवीकडे बंपरच्या रेघेपासून दीड हात आत रुपयाएवढे सात डाग एकात एक मिसळलेले, सगळे ओले. बोटाने चोळलं तर चिकट लागलं, सरबत सांडून अर्धवट वाळलं की लागतं तसं. वास गोडसर. जुन्या डागांच्या कडेला पांढरट रेघ उमटलीय, ती आमच्या नळाच्या पाण्याची.

बाबांना पुठ्ठा दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं गाडी जुनी झाली की थोडं पाणी पिते." मला रागवायचं होतं, पण नाही रागवले.

---

जुना_गॅरेजवाला | बुधवार, दुपारी १:१५

उजवीकडे, फॅन बेल्टच्या बाजूला. मी वॉटर बॉडीवर पैज लावतो. तिच्या पोटाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील खराब झालं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर थेंबावं, म्हणून ते असतं. गळणारं भोक बुजवायचं नाही, वॉटर बॉडी बदलायची. बेअरिंग बसलं तर बेल्ट तुटतो, आणि समृद्धीवर भर दुपारी ते परवडणार नाही.

गॅरेजला नेताना इंजिनच्या तापमानाचा काटा डोळ्यांसमोर ठेवा. चढला तर एसी बंद करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. तिथे सांगा की आधी दाब लावून तपासा. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरतात, आणि सुई पडते का ते पाहतात. थंड गाडीवर, भाजायची भीती न ठेवता गळती समोर दिसते. हे न करता कोणी थेट रेडिएटर बदला म्हणालं तर दुसरीकडे जा. आणि इंजिन ऑईलची पातळी मोजायची कांडी काढून पाहा, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का तेही पाहा. असेल तर हेडचं पॅकिंग गेलंय आणि काम मोठं आहे.

---

इतवारी_एक्सप्रेस | बुधवार, दुपारी १:४०

ताई, मी एसीचं पाणी म्हणून मोकळा झालो होतो, चूक झाली. उजवीकडचं मी विचारलंच नाही. मानेवाड्यातच राहतो, गॅरेजला न्यायला सोबत पाहिजे असेल तर सांगा, येतो.

---

उन्हाळवाट | शुक्रवार, रात्री ९:१०

झालं एकदाचं. इतवारीभाऊ सोबत आले, बाबा मागच्या सीटवर. ऑईल स्वच्छ, साय नाही. दाब लावल्यावर सुई हळूहळू पडायला लागली. मेकॅनिकने आरसा आणि टॉर्च घेऊन मला वाकून पाहायला लावलं. वॉटर बॉडीच्या पोटाशी हिरवट-पांढरा खडा जमलेला होता, आणि त्या खड्याच्या मधून एक थेंब फुगत होता. फुगला, लोंबला, पडला. दुसरा यायला लागला. चार-पाच महिने हे चाललं होतं आणि आम्ही वरून पाणी ओतत होतो.

वॉटर बॉडी, तिचं पॅकिंग आणि बेल्ट बदलला. रेडिएटर उलटं पाणी मारून धुतला, निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यांनी ते गटारात न सोडता डब्यात घेतलं, मी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. नवं तयार मिश्रणाचं कूलंट भरलं आणि हवा काढली. डबीवर आज मार्करने रेघ मारून तारीख लिहिलीय. बाबा रोज सकाळी पाहणार आणि काही टाकायच्या आधी मला सांगणार, असं ठरलंय.

एक प्रश्न उरलाय, काका. हवा काढली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी उतरू शकते का?

---

जुना_गॅरेजवाला | शुक्रवार, रात्री ९:३५

थोडी उतरते. आत अडकलेली हवा निघाली की तेवढी जागा कूलंट घेतं. एकदा, फार तर दोनदा भरावं लागेल, तेही तेच कूलंट. पाणी नाही. तिसऱ्यांदा उतरली तर पुठ्ठा परत काढा. उद्या जाताना तयार कूलंटची एक बाटली डिकीत ठेवा. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत अर्धं अंतर कापून होईल.

---

उन्हाळवाट | शनिवार, पहाटे ४:५०

निघतोय. पातळी बोटभर उतरली होती, भरली. गाडीखाली पाहिलं. उजवीकडे फरशी कोरडी. डावीकडे दोन-तीन थेंबांचे फिकट ठसे, कधीच वाळलेले. भुरी तिच्या कुंडीतलं पाणी पितेय.